बंदिस्त घर आणि वाहती हवा

घराच्या फटी बुजविल्या म्हणजे घर सुधारलें, अशी समजूत आज दृढ होत आहे. ती अर्धीच खरी आहे, असें आम्हांस वाटतें.

खोलींतील हवेंत कार्बन डायऑक्साइड वायु हजारांत एक भागाहून अधिक होऊं देऊं नये, असा दंडक म्यूनिकचे शास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनीं १८५८ सालींच सांगितला होता. पुढें १९७३ च्या तेलटंचाईनंतर जळण वांचविण्यासाठीं थंड देशांत घरें बंदिस्त होऊं लागलीं. कॅनडांतील रेजायना शहरीं १९७७ सालीं असें एक नमुन्याचें घर उभें राहिलें. परंतु फटी बुजवितांना त्याच्या रचनाकारांनीं हवेचीही तजवीज केली. बाहेर जाणाऱ्या दूषित हवेची ऊब आंत येणाऱ्या ताज्या हवेस देणारें यंत्र त्यांनीं बसविलें.

हा विवेक सुटला म्हणजे अनर्थ ओढवतो. अमेरिकेंत कित्येक घरांच्या छतांत एक मोठा पंखा असतो. उन्हाळ्यांत सायंकाळीं खिडक्या उघडून तो लाविला कीं, उष्ण हवा माळ्यावाटे बाहेर जाते व गार हवा आंत येते. यंत्र उत्तम खरें. पण बंदिस्त घरांत खिडक्या लावून तोच चालविला, तर हवा धुराड्यांतून उलटी उतरते आणि गॅसच्या बंबाचा धूर घरांत परत येतो. त्यांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस ना रंग, ना वास. निजलेल्या मनुष्यास तो निजल्या जागींच गाठतो.

कोणी म्हणेल, हें परक्यांचें दुखणें! पण झरोक्यांचीं घरें सोडून आपणही बंद सदनिकांत राहूं लागलों आहों. भिंतीवरील साधें वातानुकूलन यंत्र खोलींतील तीच हवा गार करून फिरवितें. बंद न्हाणीघरांतील गॅसच्या गीझरनें आपल्या इकडेही माणसें दगावलीं आहेत.

विद्यार्थ्यांनो, चूल व गीझर बंद असतांना दारें-खिडक्या लावून स्वयंपाकघरांतील धूर काढणारा पंखा चालवा आणि दाराच्या फटीशीं पातळ कागदाची पट्टी धरा. ती आंत वळलेली दिसेल. हवा आपली वाट शोधतेच. ती वाट निर्धोक असावी, हें पाहणें आपलें काम. पालकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, पंख्याची किंमत अवश्य विचारा. परंतु त्याआधीं हवा आंत कोठून येणार, हें विचारा.