विश्लेषण : जळगावचे वांगे ‘ब्रिंजल’ कसे झाले?

जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले. इंग्रजी नोंदीत ‘भरीत’ तसेच राहिले. वांग्याचे मात्र ‘ब्रिंजल’ झाले.

हा शब्द आपण अस्सल इंग्रजी समजतो. तो आला पोर्तुगीज ‘बेरिंजेला’वरून. त्याआधी तो अरबीत ‘अल-बादिंजान’ होता, फारसीत ‘बादिंगान’, आणि मूळ संस्कृत ‘वातिङ्गण’. म्हणजे इथूनच गेलेला शब्द गोव्याच्या वाटेने रूप पालटून परत आला. अरबीवरूनच कॅटलान ‘अल्बर्जिनिया’ आणि पुढे फ्रेंच ‘ओबर्जिन’ झाला. इंग्लंडने तोच उचलला. इटालियन ‘मेलान्झाना’त तर लोकांनी ‘वेडे सफरचंद’ असा अर्थ काढला! अमेरिकेतला ‘एगप्लांट’ मात्र अंड्यासारख्या पांढऱ्या वांग्यांवरून पडलेला.

लंडनच्या बाजारात ‘ब्रिंजल’ सहसा दिसत नाही. दिसलाच तर भारतीय हॉटेलांच्या मेनूकार्डावर. मग परदेशी ग्राहकाला कळावे म्हणून हा शब्द वापरण्यात काय हशील? ‘भरीत’ जसेच्या तसे चालले, तर ‘वांगे’ का नाही? कपाशीच्या काड्यांवर भाजल्या जाणाऱ्या या हिरव्या, भल्यामोठ्या वांग्याला खानदेशातले नाव आहेच. नोंदीत ‘ब्रिंजल’ राहू द्या. खोक्यावर ‘वांगं’ ठळक छापणे उत्पादकांच्याच हाती आहे.