पत्ते बोलतात की आपण?

हल्ली भिशी असो, हळदीकुंकू असो, नाही तर पार्लरमधलं ताटकळणं असो, गप्पा फिरून फिरून टॅरोवर येतातच. मोबाइलवर बोट सरकवता सरकवता तीन पालथे पत्ते समोर येतात, ‘तुम्हाला आतून खुणावेल तो निवडा’ असं कुणीतरी गोड आवाजात सांगतं आणि पुढची दहा मिनिटं कशी गेली ते कळत नाही. एके काळी हे प्रकरण मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींचं वाटायचं. आता ते तालुक्याच्या गावी, आपल्या मराठीत, घरबसल्या मिळतं. ‘ताई, खरं असतं का हो हे?’ हा प्रश्न मला एसटी स्टँडवर, पोळ्या लाटताना, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारून झालाय.

हो की नाही, ते नंतर. आधी हे पत्ते आहेत तरी काय, ते बघू.

टॅरोच्या कॅटमध्ये ७८ पत्ते असतात. त्यातले ५६ आपल्या नेहमीच्या पत्त्यांचे भाऊबंदच. छडी, पेला, तलवार आणि नाणं असे चार रंग. प्रत्येकात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं आणि वर राजा, राणी, घोडेस्वार, हुजऱ्या अशी चार चित्रं. उरलेल्या २२ पत्त्यांना ‘मेजर अर्काना’ म्हणतात. मूर्ख, जादूगार, सम्राज्ञी, दैवाचं चाक, मृत्यू, कोसळणारा मनोरा, सूर्य ही त्यातली काही मंडळी. प्रत्येक पत्त्याला ठरलेले अर्थ आहेत, पत्ता उलटा आला की अर्थही बदलतो. प्रश्न मनात धरायचा, पत्ते पिसायचे आणि मांडायचे. नवशिक्यांसाठी भूत, वर्तमान, भविष्य अशी तीन पत्त्यांची मांडणी असते. सरावलेले लोक दहा पत्ते मांडतात. ‘मृत्यू’ निघाला म्हणून कुणी मरत नाही. एक काही संपून दुसरं सुरू होणं, असाच त्याचा अर्थ हे लोक स्वतः लावतात. हे माहीत नसलं की बाई रात्रभर झोपत नाही!

आता गंमत ऐका. हे पत्ते मुळात भविष्यासाठी नव्हतेच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते खेळायला म्हणून तयार झाले. त्या २२ मधले २१ म्हणजे खेळातले कायमचे हुकूम, आणि मूर्ख तेवढा वेगळा. फ्रान्समध्ये आजही लोक टॅरोचा डाव टाकून बसतात. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा आठवा. गोल, हाताने रंगवलेल्या, दशावतारी कॅटमध्ये १२० पानं. इतके देव त्यावर आहेत, पण त्या गंजिफांना आपण मुलीच्या लग्नाचं विचारायला जातो का?

भविष्याचं वळण आलं ते १७८१ मध्ये. कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने लिहून टाकलं की, हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली १८२२ मध्ये, आणि त्यात टॅरोचं नावही निघालं नाही. पण तोवर बाजार उभा राहिला होता.

आज आपल्याला दिसतात त्यातली बहुतेक चित्रं १९०९ च्या लंडनमधल्या एका कॅटवरून आलेली आहेत. ती काढली पामेला कोलमन स्मिथ या तिशीतल्या चित्रकर्तीने. जुन्या बहुतेक कॅटमध्ये साध्या पानांवर नुसते पेले नि तलवारी मोजून काढलेल्या असत. हिने एकेका पानावर प्रसंगच उभा केला, म्हणून तर नवखी बाईसुद्धा चित्र बघून काहीतरी बोलू शकते. काम प्रचंड आणि पैसे अगदी थोडे, असं तिने त्याच वर्षी एका परिचिताला पत्रातून कळवलं होतं. कॅटला नाव मिळालं प्रकाशक रायडर यांचं आणि लेखक वेट यांचं. ती १९५१ मध्ये कर्जात वारली. तिचं नाव कॅटला जोडून घेण्याची पद्धत बऱ्याच उशिरा आली. भविष्य सांगणाऱ्या किती जणींना ही गोष्ट माहीत असेल, कोण जाणे.

तिचंच एक चित्र घेऊ, तलवारीची अठ्ठी. डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती बांधलेले पट्टे, आजूबाजूला रोवलेल्या तलवारी आणि मधे एकटी बाई. हा पत्ता निघाला की वाचणारी म्हणणार, ‘तुम्हाला अडकल्यासारखं वाटतंय, तुमचं कुणी ऐकत नाही.’ सांगा बरं, आपल्यापैकी कोणाची मान हलणार नाही? आणि मान हलली की आपण स्वतःच बोलायला लागतो. सासूचं, नवऱ्याच्या नोकरीचं, राहून गेलेल्या शिक्षणाचं. पुढचं ‘भविष्य’ त्यातूनच विणलं जातं. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुमचं’ म्हणून स्वभाववर्णन दिलं. किती जुळतंय याला ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. कागद सगळ्यांना एकच दिलेला होता, आणि मजकूर भविष्याच्या एका पुस्तकातून उचललेला! आपल्याकडचा पोपटवाला ज्योतिषी वेगळं काय करत होता?

तरी जाणाऱ्या बायकांना मी हसत नाही. अठ्ठीतल्या बाईचे पाय मोकळे आहेत, हे चित्र बघता बघता एखादीला सुचलं आणि तिने शिवणाचा क्लास लावला, तर छानच झालं की. घरात तिचं वीस मिनिटं सलग ऐकणारं कोणी नसतं, ते तिथे मिळतं. माझ्या मते खरी ओढ भविष्याची नाहीच, या ऐकण्याची आहे. आणि विकलं जातं ते नेमकं हेच. अ‍ॅपवर पहिली काही मिनिटं फुकट, मग मिनिटाला ठरावीक दर. तुमचं बोलणं लवकर संपू नये यातच समोरच्याचा फायदा. नवऱ्याला कळू नये म्हणून बाई घरखर्चातून पैसे काढते आणि कळू नये म्हणूनच फसवणूक झाली तरी गप्प बसते.

पत्त्यांनंतर ‘तुमच्यावर कुणीतरी केलंय’ आणि त्यावरचा महागडा तोडगा आला, की फोन ठेवून द्या. ज्योतिषाचा सल्ला महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातून वगळलेला आहे. पण अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचं भासवून भीती घालणं हा त्या कायद्यात गुन्हा आहे. छातीतली गाठ, कोर्टातली तारीख, जमिनीचा व्यवहार यांचे प्रश्न पत्त्यांपुढे नेऊच नका. डॉक्टर आणि वकिलाची फी जड वाटते खरी, पण सरकारी दवाखाना आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो. तरीही हौस म्हणून पत्ते काढायचेच असतील, तर ‘तो परत येईल का?’ असं विचारू नका, ‘मी आता काय करू शकते?’ असं विचारा. आणि पैसे किती घालवायचे ते आधी ठरवून बसा.

ऑनलाइन पैसे गेलेच, तर लाज सोडून लगेच १९३० ला फोन करा. पैसे अडवता येतात ते सुरुवातीच्या काही तासांतच. आणि नुसतं मन मोकळं करायचं असेल, झोप लागत नसेल, तर २०२२ पासून सरकारची ‘टेलिमानस’ सेवा आहे. १४४१६ हा नंबर, रात्री-अपरात्रीही, मराठीतून बोलता येतं. फोन फुकट आहे आणि तिथे मिनिटं मोजत नाहीत.