‘अभ्यासासाठी’ घेतलेला गेमिंग लॅपटॉप

बारावीनंतर मी पप्पांना एक वाक्य सांगितलं होतं, "मास कॉमला चांगला लॅपटॉप लागतोच." त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त अर्धं वाक्य मी गिळलं होतं. उरलेलं अर्धं असं होतं, "आणि मला त्यावर जीटीए खेळायचाय."

साल २०२१. आमच्या बॅचची बारावीची परीक्षाच रद्द झालेली, कॉलेजचं पहिलं वर्ष ऑनलाइन सुरू होणार होतं. त्यामुळे लॅपटॉपसाठी वेगळं कारण शोधावं लागलं नाही. पप्पांचं कराडला स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. शाळा बंद असताना स्टेशनरीच्या दुकानाची काय अवस्था असते, हे सांगायला नको. तरी त्यांनी आरडी मोडली आणि ६४ हजारांचा लॅपटॉप घेतला. आठ जीबी रॅम, चार जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि कीबोर्डला लाल लाइट. पप्पांनी विचारलं, "ही लाइट कशाला?" मी म्हटलं, "रात्री अभ्यास करायला."

आजही ते आठवलं की कसंतरी होतं.

लॅपटॉपने पुढे काय केलं ते ऐका. पहिलं वर्ष घरी चार्जर लावून मस्त गेलं. मग कॉलेज प्रत्यक्ष सुरू झालं आणि मी पुण्यात कॉट बेसिसवर राहायला आले. आता तो सव्वादोन किलोचा ठोकळा आणि त्याचा विटेएवढा चार्जर रोज पाठीवर. बॅटरी दोन लेक्चर जेमतेम टिकायची, म्हणून वर्गात सॉकेटजवळच्या बाकासाठी मारामारी. लायब्ररीत उघडला की पंखा मिक्सरसारखा सुरू व्हायचा आणि अख्खी लायब्ररी माझ्याकडे बघायची. दुसऱ्या वर्षी डॉक्युमेंटरी एडिट केली. स्क्रीनवर रंग छान दिसत होते, म्हणजे मला तसं वाटत होतं. कॉलेजच्या प्रोजेक्टरवर लावल्यावर सगळ्या आज्या नारंगी दिसायला लागल्या. तिसऱ्या वर्षी बिजागरी तुटली.

गेमिंग? ते झालं, पण लपूनछपून. पप्पांचा फोन आला की आधी गेम म्यूट.

दोष एकट्या लॅपटॉपचा नव्हता. गोंधळ मी विचारलेल्या प्रश्नात होता. मला दोन कामांसाठी मशीन हवं होतं आणि मी घरी एकच काम सांगितलं. खरं सांगितलंच नव्हतं, तर खरा सल्ला कोण देणार? दुकानात ‘अभ्यासासाठी’ म्हटलं की सडपातळ, चकाचक काहीतरी पुढे येतं. ‘गेमिंग’ म्हटलं की लाल-हिरवे स्टिकर पुढे येतात. त्यातही मुलगी असाल तर, "मॅडम, गेमिंग भावासाठी का?" हा बोनस. आपल्याला नेमकं काय हवंय ते आपणच धड बोलत नाही, म्हणून दुकानदार त्याच्या सोयीचं विकतो आणि पैसे घरच्यांचे जातात.

सध्या बारावीवाले, फर्स्ट इयरवाले कितीतरी जण मला ‘कोणता लॅपटॉप घेऊ?’ असा मेसेज करतात. माझं उत्तर आता ठरलेलं आहे. मॉडेल नंतर बघू, आधी तीन गोष्टी सांग. कोणते गेम खेळतोस? कॉलेजला कोणतं सॉफ्टवेअर लागतं? आणि मशीन रोज पाठीवर न्यायचंय की खोलीतच राहणार?

पहिल्या प्रश्नावर बहुतेक जण गडबडतात. ‘सगळेच गेम’ असं उत्तर येतं. पण आपण रोज खरंच खेळतो ते दोन-तीनच असतात. व्हॅलोरंट खेळत असाल तर त्याची किमान गरज इतकी कमी आहे, की इंटेल एचडी ४००० सारखं २०१२ सालचं, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्ससुद्धा त्या यादीत बसतं. जीटीए फाइव्ह पीसीवर आला २०१५ मध्ये. माइनक्राफ्ट तर त्याहून जुना. हे खेळायला लाखभराचं मशीन लागत नाही. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये आतच बऱ्यापैकी ग्राफिक्स असतं, वेगळं कार्ड न घेताही असे गेम सेटिंग कमी ठेवून चालतात. फक्त एक लक्षात ठेवा. असं ग्राफिक्स कॉम्प्युटरचीच रॅम वापरतं, त्यामुळे १६ जीबीची एक पट्टी लावण्यापेक्षा आठ-आठच्या दोन लावल्या तर गेम जास्त स्मूथ चालतो. हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. आणि नव्या, मोठ्या गेम्सची आवड असेल तर तसं स्पष्ट म्हणा. मग वेगळं ग्राफिक्स कार्ड ही गरज आहे, चैन नाही.

दुसरा प्रश्न सीनियर्सना विचारा, जाहिरातीला नको. बीए, बीकॉमला वर्ड, पीपीटी, पीडीएफ आणि ब्राउझरचे वीस टॅब एवढंच काम असतं. त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, पण आठ जीबी रॅम आता अपुरी पडते. इंजिनीअरिंग, आर्किटेक्चरवाल्यांना थ्रीडी सॉफ्टवेअरसाठी कार्ड खरंच लागतं. आम्हा मास कॉमवाल्यांना एडिटिंग असतं. दाविंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं, पण १६ जीबी रॅम नसेल तर ते तुमचा अंत बघतं. आणि मॅकबुककडे डोळे लावून बसलेल्यांनो, व्हॅलोरंट मॅकवर चालत नाही. काउंटर-स्ट्राइक २ पण नाही. नंतर रडू नका.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कुणी विचारत नाही. स्वस्तातला गेमिंग लॅपटॉप म्हणजे ‘एकाच मशीनमध्ये सगळं’ असं आपण समजतो. प्रत्यक्षात बजेट कमी असलं की कंपनी पैसे ग्राफिक्स कार्डावर घालते आणि स्क्रीन, बॅटरी, बॉडी यांत वाचवते. म्हणजे अभ्यासासाठी जे रोज लागतं तेच कापलं जातं. कार्डाचंही नुसतं नाव बघून भागत नाही. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०५० हे एकच कार्ड ३५ वॉटवरही चालवतात आणि ११५ वॉटवरही. स्टिकर तोच, वेगात मात्र मोठा फरक. वॉटचा आकडा दुकानाच्या बोर्डावर सहसा नसतो, कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये शोधावा लागतो. तिथेच स्क्रीनचंही बघून घ्या. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलं असेल तर रंग फिके, ‘१०० टक्के एसआरजीबी’ असेल तर एडिटिंगला चालेल. माझ्या आज्या नारंगी का झाल्या, ते मला असं उशिरा कळलं. रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली आहे की वाढवता येते, हेही तिथेच कळतं. वाढवता येत नसेल तर पहिल्या दिवशीच १६ जीबी घ्या.

मशीन खोलीतच राहणार असेल, तर डेस्कटॉपचा विचार करा. ‘डेस्कटॉप? काकांच्या ऑफिससारखा?’ हो, आणि शब्दशः काकांच्या ऑफिसमधलाच. कंपन्या काही वर्षांनी जुने कॉम्प्युटर लॉटमध्ये काढतात, ते साफसफाई, दुरुस्ती करून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकले जातात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस यासाठी प्रसिद्धच आहेत, पण आता बऱ्याच शहरांत अशी दुकानं आहेत.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी पुण्यातल्याच अशा एका दुकानातून, इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून साठवलेल्या पैशांनी मशीन उभं केलं. आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह ८५०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेला टॉवर १६,५०० रुपये. सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड ५,५००. जुना २२ इंची मॉनिटर ४,०००. कीबोर्ड-माउस ९००. एकूण २६,९००. आणि योगायोग बघा, कार्ड कोणतं? तेच, जीटीएक्स १६५०. चार वर्षांनी जुन्या मालाचा भाव पडतोच, त्यामुळे ही तुलना पूर्ण न्यायाची नाही. पण जीटीए यावर त्या ६४ हजारांच्या लॅपटॉपपेक्षा बरा चालतो, एडिटिंग अडत नाही आणि पंखा बोंबलत नाही.

यातही खड्डे आहेत. पहिला, ‘आय-सेव्हन आहे ना!’ हा. आय-सेव्हन असेल हो, पण कितव्या जनरेशनचा? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची इंटेलची यादी सुरू होते आठव्या जनरेशनपासून. त्याआधीची मशीन्स म्हणूनच एवढी स्वस्त मिळतात. जुगाड करून त्यावर ११ टाकून देणारेही भेटतील, पण व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट तपासतो. तिथे जुगाड फसतो. दुसरा खड्डा डबा छोटा असण्याचा. ऑफिसच्या बारक्या कॅबिनेटमध्ये मोठं कार्ड मावत नाही आणि त्याचा पॉवर सप्लायही पुरत नाही. वेगळी पॉवर केबल नसलेलं, ७५ वॉटच्या आतलं कार्डच त्यात धरा, आणि टॉवर मिळत असेल तर टॉवरच घ्या. तिसरा, सेकंडहँड कार्डाला वॉरंटी नसते. दुकानात अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर बाहेर पडा. आणि आज माझा हिशोब जसाच्या तसा जमणार नाही. एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरीची मागणी इतकी वाढवलीय, की २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. ‘आत्ता आठ जीबी घेऊ, पुढे वाढवू’ हा जुना सल्ला त्यामुळे जपून ऐका.

आता कुणी म्हणेल, हॉस्टेलला डेस्कटॉप कुठे ठेवू? बरोबर आहे. कॉट बेसिसवर जागा म्हणजे एक कॉट आणि अर्धं कपाट. माझ्या रूममालकीणबाईंनी मॉनिटर बघून पहिला प्रश्न लाइटबिलाचाच विचारला होता. महिना दीडशे रुपये जास्त देते, तेव्हा कुठे मिटलं. दर पंधरा दिवसांनी एसटीने घरी जाणाऱ्याला, दर सेमिस्टरला खोली बदलणाऱ्याला किंवा वर्गातच कोडिंग करावं लागणाऱ्याला डेस्कटॉप सोयीचा नाही. त्याने लॅपटॉपच घ्यावा, पण साधा, हलका, १६ जीबी रॅमचा आणि चांगल्या स्क्रीनचा. छोटे गेम त्यावरही होतात. मोठ्या गेम्ससाठी पुढे पगार आहेच की.

आणि ‘नो कॉस्ट ईएमआय आहे, घेऊन टाक’ म्हणणाऱ्या मित्रांपासून सावध. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. व्याज किमतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये कुठेतरी बसलेलं असतं. आणि तो हप्ता आपण भरत नसतो, पप्पा भरत असतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की घरी पूर्ण वाक्य सांगा. गेम खेळणं हा काही गुन्हा नाही. थकून आल्यावर तास-दीड तास मित्रांसोबत खेळणं, हेही कॉलेजच्या दिवसांचाच भाग आहे. आई-बाबा चिडतील, कदाचित नाहीही म्हणतील. पण मग निदान चर्चा खऱ्या गोष्टीवर होईल. ‘अभ्यासाला लागतो ना’ म्हणून तुम्ही ऐंशी हजार मागता, तेव्हा घरात नकार द्यायची कुणाची हिंमत होत नाही. अभ्यासाला नाही कोण म्हणणार? म्हणूनच ते नाव पुढे करून पैसे मागणं मला आता चुकीचं वाटतं.

डेस्कटॉप घेतला तेव्हा मी पप्पांना फोन करून सगळं सांगितलं. जीटीए, लाल लाइट, सगळं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, गिऱ्हाईक काय हवंय ते नीट सांगत नाही, तेव्हा मी पण महागाचीच वही काढून दाखवतो." आणि मग विचारलं, "तो गेम असतो तरी काय?"

दिवाळीत कराडला गेले तेव्हा बिजागरी तुटलेला तो लॅपटॉप सोबत नेला. आता तो दुकानाच्या काउंटरवर असतो, पाठीमागे पुठ्ठ्याचा टेकू लावून. पप्पा त्यावर उधारीचा हिशोब ठेवतात. संध्याकाळी लाइट गेली, की लाल कीबोर्डच्या उजेडात.