जुनी बाटली, तोच मद्यार्क

"डॉक्टर, ही साधी दारू नाही, चांगली मुरलेली जुनी स्कॉच आहे. ही बाधत नाही ना?" हा प्रश्न मला दवाखान्यात बरेचदा ऐकायला मिळतो. जुने तूप, जुना गूळ, जुना तांदूळ गुणकारी मानण्याची आपली रीत. त्याच हिशेबाने जुनी दारूही गुणकारी ठरवली जाते.

स्कॉच स्कॉटलंडमध्येच ओकच्या लाकडी पिंपात किमान 3 वर्षे मुरावी लागते. लाकडामुळे तिला रंग व स्वाद येतो. मात्र दरवर्षी सुमारे 2 टक्के द्रव उडून जातो. म्हणून जितकी जुनी, तितकी थोडी आणि महाग. त्यातून कारखानाच बंद पडला तर विचारूच नका! लिनलिथगो गावातील सेंट मॅग्डलीन हा कारखाना 1983 साली बंद झाला. त्याच्या इमारतीत आता लोक राहतात. तिथल्या उरल्यासुरल्या बाटल्यांसाठी शौकीन मोठी किंमत मोजतात.

पण ही किंमत दुर्मिळतेची आहे, औषधी गुणाची नव्हे. व्हिस्की मुरते ती पिंपात. बाटलीत भरली की तिचे वय थांबते. कपाटात 20 वर्षे जपली म्हणून ती अधिक जुनी होत नाही. आणि कितीही मुरली तरी स्कॉचमध्ये किमान 40 टक्के मद्यार्क असतोच. म्हणजे 60 मिलिलिटरच्या एका पेगमधून 24 मिलिलिटर मद्यार्क पोटात जातो. दुर्मिळ व्हिस्की पुष्कळदा पाणी न मिसळता बाटलीत भरतात. तिच्यात हे प्रमाण 50 टक्क्यांच्याही वर असू शकते.

यकृत लेबल वाचत नाही. दारू स्वस्त असो वा महाग, शरीरात तिच्यापासून अॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते. मद्यामुळे कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच नोंदवले. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले.

यकृताचा विकार असणाऱ्यांनी, गर्भवती स्त्रियांनी आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर थेंबही घेऊ नये. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींची साखर दारूमुळे धोकादायकरीत्या उतरू शकते. रोज पिणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच दारू सोडावी. एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात.

भेट आलेली दुर्मिळ बाटली शोभेला जरूर ठेवा. ती न फोडता जितकी वर्षे राहील, तितके तुमचे यकृत सुखी!