मुलांच्या भेटीचा हुकूम कागदावरच का राहावा?




विभक्त झालेल्या पतिपत्नींपैकी एकाकडे मुलाचा ताबा आणि दुसऱ्यास ठरावीक दिवशी त्याची भेट, अशी व्यवस्था न्यायालय लावून देते. परंतु काळानुसार त्या व्यवस्थेत फेरफार कसा करावयाचा आणि ती मोडली गेल्यास दाद कोठे व किती दिवसांत मिळावयाची, या दोन प्रश्नांची जितकी हेळसांड आपल्या कायद्याने व कारभाराने केली आहे, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या कौटुंबिक प्रश्नाची झाली असेल. असे मोडलेले संसार आता केवळ पुण्यामुंबईत राहिले नसून आमच्या भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचले आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

मुलाच्या ताब्याचा व भेटीचा हुकूम कायमचा नसतो, हे तत्त्व आपल्या कायद्यास मुळीच अपरिचित नाही. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाचे २६ वे कलम असे हुकूम वेळोवेळी रद्द करण्याची, तहकूब ठेवण्याची वा बदलण्याची मुभा देते. परदेशी वास्तव्य केलेल्या एका दांपत्याच्या दाव्यात, ज्यात माता अवघ्या पस्तीस दिवसांचे मूल घेऊन अमेरिकेहून परतली होती, मुंबई उच्च न्यायालयाने पित्याच्या बाजूने दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली फिरविला, आणि परिस्थिती पालटल्यास ताब्याचे हुकूमही पालटता येतात हे त्याच निकालात पुन्हा स्पष्ट केले. तत्त्व निर्विवाद आहे. अडचण आहे ती ते तत्त्व भोरच्या एसटीने कचेरीत खेटे घालणाऱ्या माणसाच्या हाती पडण्याची.

एक साधे उदाहरण घ्या. हुकुमात लिहिलेले असते, ‘दर रविवारी सकाळी दहा ते सायंकाळी पाच’. मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत, त्याला सुट्टी रविवारची. बाप भोसरीच्या कारखान्यात, तेथील साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. जानेवारीत झालेला हुकूम जुलैमध्ये, दोन्ही घरची माणसे भातलावणीच्या चिखलात गुडघाभर उभी असताना, कोणालाच पाळता येत नाही. दोघांची समजूत असेल तर प्रश्न उरत नाही. परंतु समजूत असती तर हुकुमाची गरज कशाला पडली असती? मग वकील गाठा, अर्ज द्या, प्रतिपक्षाचे म्हणणे येईपर्यंत तारखांवर तारखा घ्या. दरम्यान मूल इयत्ता ओलांडते, आणि त्याच्या स्मरणातला बाप किंवा आई पुसट होत जाते.

हुकूम मोडणाऱ्याविरुद्धची तजवीज तर याहून विलक्षण आहे. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमान्वये मूल हजर करण्याचा न्यायालयाचा आदेश न पाळणाऱ्यास शंभर रुपयांपर्यंत दंड, हट्ट चालू राहिल्यास प्रत्येक दिवसागणिक दहा रुपयांपर्यंत जादा, आणि हे सारे मिळून पाचशेच्या वर नाही, असे गणित घातले आहे. म्हणजे शिवऱ्याहून स्वारगेटपर्यंतच्या काही फेऱ्यांच्या भाड्यात संपेल एवढ्या रकमेत मुलाची वर्षभराची भेट बुडविता येते. त्यापुढची पायरी दिवाणी तुरुंगाची. परंतु ज्याच्या पदरी मूल आहे त्यालाच तुरुंगात धाडल्यावर त्या मुलाने कोणाच्या पदराखाली जावे, याचे उत्तर कोणता न्यायाधीश देईल? दंड हास्यास्पद आणि तुरुंग असह्य, मधला उपायच नाही, म्हणून बहुधा काहीच होत नाही. पोलीस ठाण्यात जावे तर ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ एवढे ऐकून परतावे लागते.

याउलट पोटगी थकली तर वॉरंट निघते आणि थकीत प्रत्येक महिन्याकरिता एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ही तरतूद योग्यच आहे. पण एका हुकुमाला दात आणि दुसऱ्याला नाहीत, याचा परिणाम महामार्गालगतच्या सेवा रस्त्यावर कोणत्याही रविवारी पाहावा. बाप दुचाकीवरून उतरलेला नाही. मामा हाताची घडी घालून हॉटेलच्या पायरीशी उभा. आणि दोघांच्या मध्ये पाठीला दप्तर लावलेली, दप्तरात पुस्तकांऐवजी कपड्यांचा एक जोड असलेली सातआठ वर्षांची पोर. “आधी पोटगी टाका, मग पोरगी न्या,” हा म्हणतो. “पोरगी भेटत नाही तर पैसे कशाचे देऊ?” तो विचारतो. वस्तुतः पोटगी हा मुलाच्या पोटाचा हक्क आणि भेट हा त्याच्या मनाचा; एकाची थकबाकी दुसऱ्यातून वळती करून घेण्याचा अधिकार आईलाही नाही आणि बापालाही नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, मारझोड करणाऱ्या वा व्यसनी पित्याच्या हाती मूल सक्तीने का द्यावे? मुळीच देऊ नये. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या अधिनियमाचे २१ वे कलम, भेट मुलास अपायकारक ठरेल असे वाटल्यास ती नाकारण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास देते. मात्र धोका आहे की नाही हे न्यायालयाने ठरवावयाचे, आणि म्हणूनच ते त्वरेने ठरले पाहिजे. विलंबाचा जाच भयभीत मातेलाही तितकाच होतो. दुसरा आक्षेप असा की, गावातील चार शहाण्यांनी बैठक बसवून हे मिटवावे. आमच्या वडीलधाऱ्यांविषयी पूर्ण आदर राखून सांगणे भाग आहे की अशी बैठक बहुधा सासरच्या गावी भरते, तेथे सुनेच्या बाजूने बोलणारा एकटा तिचा भाऊ असतो, आणि तेथे झालेला तोंडी ठराव न्यायालयाचा हुकूम बदलू शकत नाही.

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाने दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी अशी न्यायालये स्थापण्याचे बंधन राज्य सरकारवर घातले आणि इतर प्रदेश सरकारच्या इच्छेवर सोडला. जेथे त्यांचे कार्यक्षेत्र पोचत नाही तेथील पालकांच्या वाट्याला समुपदेशकही येत नाही आणि मुलांसाठी राखलेली खोलीही नाही. न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २०१५ साली २५७ व्या अहवालात पालक व पाल्य अधिनियमात ताबा, मुलाचा खर्च व भेट यांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्याची शिफारस केली होती. अल्पवयीनांचा विषय समवर्ती सूचीतील असल्याने महाराष्ट्र विधिमंडळाला केंद्राची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

माझी मागणी मोजकी आहे. प्रत्येक हुकुमातच मूल देण्याघेण्याची जागा, सुट्टीचा वार बदलल्यास पर्यायी दिवस आणि बुडालेल्या भेटीची भरपाई पुढील महिन्यात कशी होईल हे लिहिलेले असावे. वेळ, वार किंवा जागा यांतील किरकोळ बदलाचा अर्ज एका पानाचा असावा आणि त्याचा निकाल तीस दिवसांत लागावा. तालुका विधी सेवा समितीने महिन्यातून एक दिवस भोर येथे समुपदेशकासह याच कामासाठी राखावा, व मुलाला एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सोपविण्यासाठी महामार्गाच्या कडेऐवजी एखादी सुरक्षित खोली द्यावी. पाचशे रुपयांची मर्यादा रद्द करून, हुकूम मोडणाऱ्याने दुसऱ्या पक्षाचा प्रवासखर्च व बुडालेली मजुरी भरून द्यावी. यांपैकी कायद्यात दुरुस्ती लागते ती केवळ शेवटच्या मागणीला. बाकीचे सारे जिल्हा न्यायालयाच्या व विधी सेवा प्राधिकरणाच्या प्रशासकीय निर्णयाने होण्यासारखे आहे, आणि ते त्यांनी येत्या शालेय वर्षापूर्वी करावे.

आपला,
एक वाचक
शिवरे, ता. भोर, जि. पुणे