जाड पत्र्याची आरती

मंडळी, गेला महिनाभर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महायुद्ध पेटलंय. विषय : आमच्या कै. दादांची मर्सिडीज. पुतण्याला ती विकून फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घ्यायची आहे, आणि समस्त नातलगांना दादांची आठवण जपायची आहे. (आठवण जपणाऱ्यांपैकी एकानेही तिच्या पेट्रोलला आजवर एक रुपया दिलेला नाही, हे जाता जाता.) मी पुतण्याच्या बाजूचा, त्यामुळे सध्या घरभेदी ठरलोय.

गाडी वाईट नाही हो! १९९५ साली मर्सिडीज भारतात पहिल्यांदा जुळू लागली ती हीच, डब्ल्यू १२४, आणि तीही आपल्या पिंपरीत टेल्कोच्या आवारात. दादांची १९९६ची, ई २२०. दार लावलं की बँकेच्या तिजोरीसारखा आवाज. समोरच्या काचेला वायपर एकच, पण तो फिरता फिरता कोपऱ्याकडे लांब होतो आणि ८६ टक्के काच पुसतो. पहिल्या पावसात दादा पोरांना तो मुद्दाम दाखवायचे. आणि मागची सीट... लोणावळ्याला कधी पोचलो ते कळायचं नाही.

माझं भांडण आहे ते फक्त एका वाक्याशी. "आता असा पत्रा राहिला नाही." हे म्हणणाऱ्यांना जाड पत्रा म्हणजे चिलखत वाटतं. अहो, गाडी आदळते तेव्हा तिचा वेग कुठेतरी जिरायला नको का? पत्रा चुरगळला नाही, तर तो धक्का थेट आतल्या माणसाच्या छातीत. पुढचा-मागचा भाग चुरगळणारा आणि मधला, माणसं बसतात तो पिंजरा तेवढा कडक, ही कल्पना मर्सिडीजच्याच बेला बारेनी या अभियंत्याची. १९५१ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९५९ साली तशी गाडी रस्त्यावर आली. म्हणजे तुम्ही जिच्या पत्र्याची आरती ओवाळताय, ती स्वतःच चुरगळण्यासाठी बनवलेली आहे!

आता व्हर्टस. २०२२ साली आली, बनते चाकणला. ताकद कागदावर दोघींची सारखीच, १५० अश्वशक्ती. पण हिला २०२३च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांसाठी पाच तारे, लहानांसाठीही पाच. सहा एअरबॅगा. घसरू लागली तर आपणहून एकेका चाकाचा ब्रेक लावते. आमची नातवंडं दर पंधरवड्याला एक्स्प्रेसवेने मुंबईला जातात. त्यांना मी वायपर बघून कुठल्या गाडीत बसवू?

तिचे गुणच गातोय असं नाही. मागे तिसरा बसला की मधल्याचे हाल, आणि उतरताना माझे गुडघे करकरले. पुतण्याने सिग्नलवरून ती अशी काही सोडली की सौ.नी डोळे मिटून रामरक्षाच सुरू केली. (कर्वे रस्त्यावर एवढा जोर दाखवायचा कोणाला, हे मी त्याला विचारलंय. उत्तर नाही.)

असो. मर्सिडीजच्या नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण तोंडावर आलंय. वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याची फी ऑगस्ट २०२५पासून १०,००० रुपये झाली, वर पर्यावरण कर वेगळा. म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, "ज्याला आठवण हवी त्याने हे पैसे भरून गाडी आपल्या पार्किंगमध्ये न्यावी. किल्ली माझ्याकडे आहे."

मंगळवारपासून ग्रुपवर फक्त सुप्रभात येतंय.