चेंडूला जात नसते, मैदानाला असते!

महाविद्यालयांचे प्रवेश आटोपले की मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे वेध लागतात. फुटबॉलचा हंगामही त्यातच येतो. उरण तालुक्यातील आमच्या तरुणांनी या हंगामाकडे चार घटकेची करमणूक म्हणून पाहू नये, असे आम्हास वाटते. संघात कोण आहे, सराव कोठे होतो आणि पैसा कोठून येतो, हे तीन प्रश्न ज्याने विचारले त्याला मैदानावरची समाजव्यवस्था लख्ख दिसते.

या देशातील फुटबॉलचा इतिहासच पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात हा खेळ भारतीय तरुणांत रुजवला तो नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी या विद्यार्थ्याने. शाळा-कॉलेजातील मुले गोळा करून त्यांनी क्लब काढले. त्यातल्या वेलिंग्टन क्लबात मणी दास या कुंभाराच्या मुलाला सभासद करून घेण्याचे ठरताच उच्चवर्णीय सभासदांनी नाके मुरडली. नगेंद्रप्रसादांनी त्यांची मनधरणी केली नाही. त्यांनी क्लबच मोडला आणि शोभाबाजार क्लब उभा केला. त्यात मणी दासला सन्मानाने जागा मिळाली. याच शोभाबाजारने १८९२ मध्ये ट्रेड्स कप स्पर्धेत गोऱ्या पलटणीच्या संघाला पाणी पाजले. जात बाहेर ठेवली तेव्हा संघ जिंकला, हा भारतीय फुटबॉलचा पहिला धडा आहे. तो किती शाळांत शिकवला जातो?

आमच्या महाराष्ट्रात काय झाले? पालवणकर बाळू या चर्मकार समाजातील गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात त्याच बाळूंना चहा मात्र वेगळ्या भांड्यात आणि पॅव्हेलियनच्या बाहेर दिला जात होता. त्यांच्या हातचा चेंडू चालत होता, त्यांच्या हातची कपबशी चालत नव्हती. गुण हवेत पण गुणवान माणूस नको, ही या व्यवस्थेची जुनीच खोड आहे.

आज कोणी वेगळी कपबशी ठेवत नाही. आता भिंत असते. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतील मुले पावसात फुटक्या बादलीला लाथा मारून खेळताना पाहिली आणि त्या मुलांना खरा चेंडू दिला. त्यातूनच झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये ‘झुंड’ चित्रपटातून ही कथा देशापुढे मांडली. त्यात एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला कॉलेजचे हिरवे मैदान आणि मध्ये भिंत आहे. ती भिंत केवळ नागपुरात आहे, असे समजण्याचे कारण नाही.

उरणकडे या. येथील जमीन सिडकोने घेतली, न्हावा-शेवा बंदराने घेतली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण आले. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि उरणपर्यंत लोकलही आली. त्याच लोकलने नेरुळ गाठता येते. तेथील स्टेडियममध्ये २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले आणि २०२२ साली मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढतही झाली. जगाचा फुटबॉल उरणच्या दारापर्यंत आला. पण उरणच्या पोराच्या पायाखाली काय आले? कंटेनरच्या गाड्यांनी उखडलेला रस्ता! फुटबॉलच्या पूर्ण मैदानाला पावणेदोन एकर जागा पुरते. ज्या तालुक्याने बंदरासाठी हजारो एकर दिले, त्याला पावणेदोन एकर मागण्याचा हक्क नाही काय? आणि ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, त्या भूमिहीनाच्या मुलाला तर सार्वजनिक मैदानाशिवाय दुसरा आधारच नाही.

काही जण म्हणतील, आमच्या पोरांनी आधी अभ्यास करावा, खेळाने पोट भरते काय? त्यांना आमचे उत्तर असे : महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. २००५ साली त्याचा शासन निर्णय निघाला. हे आरक्षण अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा प्रत्येक प्रवर्गात लागू होते. त्यासाठी वरच्या स्तरावरील मान्यताप्राप्त स्पर्धांतील प्रावीण्य लागते आणि तेथे पोहोचण्याची एक पायरी म्हणजे महाविद्यालयाचा संघ. या जागा बळकावण्यासाठी बनावट क्रीडा प्रमाणपत्रांचा बाजार भरला होता, हे सर्वांना ठाऊक आहे. लबाडांना या जागांची किंमत कळली, पण आमच्या मुलांना अजून कळू नये?

म्हणून हंगामापूर्वीच काही गोष्टी व्हाव्यात. निवड चाचणीची सूचना आठवडाभर आधी फलकावर लागावी. ती ओळखीपाळखीत उरकू नये. जिमखाना फी विद्यार्थ्याने भरलेली असो वा शिष्यवृत्तीतून आलेली असो, तिचा हिशेब विद्यार्थ्यांना मिळावा. ज्याला बूट परवडत नाहीत त्याला ते महाविद्यालयाने द्यावेत. मुलींचा संघ उभा राहावा. सिडको आणि बंदर प्राधिकरणाने प्रकल्पग्रस्त गावांतील मैदाने राखून ठेवावीत व ती कुलूप न लावता खुली ठेवावीत. आमच्या विद्यार्थी संघटनांनी हे मागणे लेखी द्यावे आणि पोचही घ्यावी. जयंतीच्या मिरवणुकीत हजारोंनी उतरणारे तरुण मैदानाच्या मागणीसाठी शंभर जरी जमले, तरी दखल घ्यावी लागेल.

फुटबॉलला अकरा जण लागतात. त्यांतल्या एकालाही जात विचारून पास देता येत नाही; विचारली तर चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायात जातो. बाबासाहेबांनी ज्या बंधुतेसाठी आयुष्य झिजवले ती पुस्तकात वाचता येते, पण तिचा सराव मैदानावरच होतो. तेव्हा उरणच्या तरुणांनो, यंदा नाव नोंदवा. मैदान नसेल तर आधी मैदान मिळवा!